आईसोबत राहते, पगार सुरू आहे: घरखर्चात वाटा किती आणि कसा द्यावा?

केतकी_पुणे

नमस्कार. पुण्यात आईच्या फ्लॅटमध्ये आई आणि मी, दोघीच राहतो. माझं वय २७, हातात येणारा पगार ४२,०००. आईचं वय ६३, तिला कुटुंब निवृत्तिवेतन १९,५०० मिळतं, शिवाय काही मुदत ठेवी आहेत. फ्लॅट आईच्या एकटीच्या नावावर, कर्ज काही नाही. मोठा भाऊ बंगळुरूला असतो, त्याचं लग्न झालंय.

दर महिन्याचा खर्च लिहून काढला तो असा:

किराणा ५,५००
भाजी-फळं ३,२००
दूध १,८००
गॅस ६००
वीज १,५००
सोसायटी २,७००
नेट ७००
धुणं-भांडी-केरफरशीच्या मावशी २,६००
आईची औषधं (बीपी, शुगर) २,४००
एकूण २१,०००

सध्या वीज आणि नेट मी भरते आणि वर ५,००० आईच्या खात्यात टाकते. पण आई ते पाच हजार घरात वापरतच नाही, माझ्या नावाने आरडी काढलीय, त्यात भरते. "पोरीकडून घराचे पैसे कसले घ्यायचे?" असं तिचं म्हणणं.

प्रश्न असे:
१) माझा वाटा नेमका किती असावा? निम्मा, पगाराच्या प्रमाणात, की आणखी काही?
२) ती घेत नसेल तर द्यायचा कसा?
३) आईला भाडं दाखवून एचआरएची (पगारातल्या घरभाडे भत्त्याची) करसूट घ्यावी का? ऑफिसात बरेच जण घेतात.
४) माझ्या खोलीत एसी बसवायचाय. त्याचं वाढीव बिल कसं धरायचं?

जमाखर्च

केतकीताई, यादी चांगली आहे, पण ती महिन्याची आहे. घर वर्षावर चालतं. जे खर्च वर्षातून एकदा येतात ते कुणाच्याच महिन्याच्या यादीत नसतात, आणि आईवडिलांच्या घरात ते गुपचूप ठेवींतून भागवले जातात. मालमत्ता कर, आईच्या आरोग्य विम्याचा हप्ता, दिवाळी आणि बाकी सणवार, वॉटर प्युरिफायरची वार्षिक देखभाल आणि वर्षाचं धान्य, एवढे तरी आकडे आईला विचारून इथे टाका. मग बोलू. धान्य वर्षाचं भरता की महिन्याला आणता तेही सांगा, नाहीतर तो खर्च दोनदा धरला जाईल.

केतकी_पुणे

विचारले. मालमत्ता कर ८,४००. आरोग्य विमा २६,०००. सणवार, देणंघेणं धरून १५,०००. प्युरिफायर ३,६००. धान्य आम्ही उन्हाळ्यात वर्षाचं भरतो: एक क्विंटल गहू, ५० किलो तांदूळ, २० किलो तूरडाळ, वर मिरची-हळद-मसाला, सगळं मिळून १२,०००. हे किराण्याच्या साडेपाच हजारांत धरलेलं नाही. एकूण ६५,००० झाले. हे सगळं आईच भरते.

जमाखर्च

आता चित्र पुरं झालं. महिन्याचे २१,००० म्हणजे वर्षाचे २,५२,०००. त्यात ६५,००० मिळवले की ३,१७,०००. तुमच्या घराचा खरा महिना २१ हजारांचा नाही, सुमारे २६,४०० चा आहे.

आता आईच्या बाजूने बघा. २१,००० पैकी वीज-नेटचे २,२०० तुम्ही भरता, उरलेले १८,८०० आई. पेन्शन १९,५००. तिच्या हातात महिन्याला ७०० रुपये उरतात, वर्षाचे ८,४००. वर्षाचे खर्च ६५,०००. म्हणजे दर वर्षी ५६,६०० रुपये ठेवींच्या व्याजातून किंवा मुद्दलातून जातात. आणि त्याच वर्षात तुमच्या नावाच्या आरडीत ६०,००० जमा होतात. वाक्य जरा टोचेल, पण आकडे हेच सांगतात: आईची ठेव झिजतेय आणि जवळपास तेवढीच रक्कम तुमच्या आरडीत साठतेय. तुम्ही ७,२०० देता असं तुम्हाला वाटतं, घराला मात्र २,२०० च पोचतात.

आता वाटा. चार पद्धतींनी आकडा निघतो.

फक्त तुमच्यामुळे वाढणारा खर्च धरला (तुमचं खाणं, तुमची वीज, नेट) तर आठ-नऊ हजार येतात. ही पद्धत मला पटत नाही. आई एकटी राहिली असती तरी सोसायटी आणि कर भरावाच लागला असता हे खरं, पण त्या छपराखाली कमावती व्यक्ती म्हणून तुम्हीही राहता.

निम्मा धरला तर १३,२००.

उत्पन्नाच्या प्रमाणात धरला तर ४२,००० भागिले ६१,५०० म्हणजे ६८ टक्के, रक्कम सुमारे १८,०००. भाड्याच्या घरात दोघी कमावत्या मैत्रिणी राहत असतील तर हे ठीक. इथे घर आईचं आहे, स्वयंपाकही बहुतेक तीच करते, आणि तुमचं स्वतःचं काहीच साठलेलं नसेल तर तुमच्या वयाला १८ हजार जड जातील.

चौथी पद्धत उलटी, आणि मी तीच वापरीन: आईच्या पेन्शनमधून दर महिन्याला तिचं म्हणून किती उरलं पाहिजे ते आधी ठरवायचं. पेन्शन ही तिची एकमेव नक्की आवक आहे, वाढते ती महागाई भत्त्यापुरती. त्यातला एक तृतीयांश तिच्याकडे राहावा. १९,५०० मधले ६,५०० बाजूला काढले की घरासाठी तिचे १३,०००. २६,४०० वजा १३,००० म्हणजे १३,४०० तुमचे. पगाराच्या ३२ टक्के. योगायोगाने हा आकडा निम्म्याजवळ आला, पण कारण वेगळं आहे. पेन्शन १२,००० असती तर याच पद्धतीने तुमचा वाटा १८,००० च्या वर गेला असता, आणि जायलाच हवा होता.

एक गोष्ट पैशात धरू नका: आईचं राबणं. स्वयंपाकाला बाई लावली तर इतके पडतील, मग तेवढे आईला द्यावेत, असा हिशेब आईला आवडत नाही आणि त्याने तिचं कामही हलकं होत नाही. त्याऐवजी कामच उचला. रविवारची दोन्ही वेळची जेवणं, आठवड्याची भाजी आणून निवडून ठेवणं, बँकेची आणि दवाखान्याची फेरी.

सदाफुली

"घेत नाही" यावर बोलते.

एकगठ्ठा रक्कम आईच्या खात्यात टाकली की ती भेट वाटते, आणि लेकीची भेट आई जपूनच ठेवणार. त्यामुळे रक्कम देऊ नका, खर्च उचला. पण कुठला खर्च उचलायचा हे नीट ठरवा, इथेच चूक होते. नियम सोपा आहे: वरखाली होणारी बिलं तुमच्याकडे, ठरलेली बिलं आईकडे. पेन्शन ठरलेली असते, म्हणून तिच्यावर ठरलेलाच भार असावा. मे महिन्यात वीज वाढली, श्रावणात किराणा वाढला, पाहुणे आले, गॅस लवकर संपला, तर तो धक्का पगाराने सोसायचा.

तुमच्या आकड्यांत ते असं बसतं. तुमच्याकडे किराणा, दूध, गॅस, वीज, नेट, मिळून १०,१००. आईकडे सोसायटी, मावशींचा पगार, औषधं आणि भाजी, मिळून १०,९००. भाजी खरं तर वरखाली होते, पण ती आईकडेच राहू दे. रोज सकाळी स्वतःच्या पाकिटातून भाजी घेणं हा तिचा अधिकार आहे, तो काढून घेऊ नका.

राहिले वर्षाचे ६५,०००. त्यासाठी वेगळं बचत खातं, दोघींच्या नावे, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" या प्रकारचं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून ३,३०० आणि पेन्शन जमा झाल्यावर आईकडून २,१०० आपोआप जातील अशी स्थायी सूचना बँकेत द्या. वर्षाला ६४,८०० जमतात. तुमची बेरीज १३,४००, आईची १३,०००. जमाखर्च यांचाच आकडा.

या खात्याबद्दल तीन गोष्टी. बँकेतली सुरुवातीची तारीख एप्रिल धरू नका. एप्रिल-मेमध्येच धान्य आणि मालमत्ता कर एकदम येतात आणि खात्यात एकाच महिन्याचे पैसे असतात. पहिल्या वर्षी सुरुवातीला २०,००० एकरकमी टाका, ते तुम्ही टाका. दुसरं, एसएमएस आईच्या मोबाइलवर येऊ देत, पासबुक आणि डेबिट कार्ड तिच्याजवळ. तिसरं, या खात्यातून महिन्याचा कुठलाही खर्च करायचा नाही. एकदा केला की दिवाळीत खातं रिकामं सापडतं.

किराण्यासाठी: महिन्याची यादी आईनेच करायची, दुकानदाराचं बिल तुम्ही यूपीआयने भरायचं. दुकानात खातं असेल तर दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, न चुकता. उधारी दोन महिने थकली आणि दुकानदाराने आईला विचारलं की पुढच्या महिन्यापासून ती स्वतःच भरायला लागते आणि तुम्हाला सांगतही नाही. दुधाचंही तसंच.

वीजबिल आईच्याच नावावर राहू द्या. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक असला की कुणीही भरू शकतं, नाव बदलायची गरज नाही. नोंदवलेला मोबाइल मात्र आईचाच ठेवा. सगळी बिलं मुलीच्या फोनवर, सगळे पैसे मुलीच्या खात्यातून आपोआप, असं झालं की चार वर्षांत आईला घर किती रुपयांत चालतं हेच माहीत नसतं. मग मुलीची बदली होते किंवा लग्न होतं आणि पहिल्याच महिन्यात सगळं एकदम तिच्या अंगावर येतं.

याच कारणाने यूपीआय सर्कलमध्ये आईला जोडून "माझ्या खात्यातून खर्च कर" हा मार्ग मी सुचवणार नाही. सोय आहे, पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० पर्यंत आणि एका व्यवहाराला ५,००० पर्यंत चालतं. पण मग आईने घेतलेल्या प्रत्येक कोथिंबिरीच्या जुडीची सूचना तुमच्या फोनवर वाजणार. ज्या बाईने आयुष्यभर घर चालवलं तिला हे नको असतं, आणि ती बोलूनही दाखवत नाही, फक्त वापरणं बंद करते.

आता ती आरडी. मोडायला लावू नका, रागही येऊ देऊ नका. मुदत संपू द्या, पण पुढचे हप्ते भरण्यासाठी आईच्या खात्यात पैसे टाकणं थांबवा आणि हप्ते तुमच्या खात्यातून जायची व्यवस्था बँकेत करून घ्या. आरडी तुमच्या नावाची आहे, तर ती तुमची बचत. घरखर्चात तिला धरायचं नाही.

कर_आणि_कागद

एचआरएचा प्रश्न आधी निकालात काढतो: तुमच्या पगाराला त्याचा उपयोग नाही.

घरभाडे भत्त्याची सूट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य होतो (आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून), आणि पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट असल्याने १२.७५ लाखांपर्यंत पगार करमुक्त राहतो. हातात ४२,००० येत असतील तर तुम्ही त्याच्या खूपच खाली आहात. जिथे कर शून्य आहे तिथे भाड्याच्या पावत्या करून काय वाचणार?

ऑफिसातले जे घेतात त्यांचे पगार जास्त असतील आणि त्यांनी जुनी प्रणाली निवडलेली असेल. त्यांच्यासाठी (आणि हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी) नियम असा. सूट तीन रकमांपैकी सगळ्यात लहान असते: मिळालेला भत्ता, भाडं वजा मूळ पगाराच्या १० टक्के, आणि शहरानुसार मूळ पगाराचा ठरलेला टक्का. उदाहरण घ्या: मूळ पगार २१,०००, भत्ता ८,४००, आईला भाडं ९,०००. तर ९,००० वजा २,१०० म्हणजे ६,९०० महिन्याला सूट, वर्षाची ८२,८००. भाडं ९,००० चं वर्षाचं १,०८,००० होतं, म्हणजे एक लाखाच्या वर, त्यामुळे आईचा पॅन द्यावा लागतो.

हे कायदेशीर आहे, पण खरं असेल तरच. घर आईच्या नावावर हवं. तुमचं नाव सहमालक म्हणून असेल तर स्वतःच्याच घराचं भाडं दाखवणं टिकत नाही. पैसे दरमहा बँकेतून गेले पाहिजेत. आईच्या खात्यात गेले आणि आठवड्याने तुमच्या खात्यात परत आले, असं दिसलं की ते भाडं राहत नाही. तुमच्या आरडीचा प्रकार तसाच दिसेल, तेव्हा विशेष जपा. आणि आईने ते भाडं विवरणपत्रात घरापासूनचं उत्पन्न म्हणून दाखवायचं, त्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते.

पुण्यात आणखी एक गोष्ट अडते, जी लोक विसरतात. पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर मालमत्ता करात ४० टक्के सवलत असते, त्यासाठी पीटी-३ अर्ज लागतो. त्याच घराचा भाडेकरार कागदावर आणला तर ही सवलत वादात सापडू शकते. थोडा आयकर वाचवायला जाऊन दरवर्षीची सवलत घालवू नका.

बाकी घरखर्चासाठी आईला दिलेले पैसे तिचं करपात्र उत्पन्न होत नाहीत. मुलाबाळांकडून मिळालेली रक्कम कितीही असली तरी "नातेवाइकाकडून" म्हणून करमुक्त. तिने त्याची ठेव केली तर त्या ठेवीचं व्याज तिचं उत्पन्न, तुमच्या उत्पन्नात ते मिसळत नाही. तिच्या १९,५०० पेन्शनवर (वर्षाचे २,३४,०००) कर नाही. कुटुंब निवृत्तिवेतनावर नव्या प्रणालीत एक तृतीयांश किंवा २५,००० यांतली जी कमी ती वजावटही आहे.

आरोग्य विमा मात्र चुकवू नका. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, तेव्हा पुढच्या नूतनीकरणाची पावती तपासा, त्यात १८ टक्के दिसता कामा नयेत. "माझ्या कंपनीच्या गटविम्यात आई आहेच" म्हणून तिची स्वतःची पॉलिसी बंद करू नका. नोकरी सुटली की गटविमा संपतो, आणि साठीनंतर नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ पुन्हा सुरू होऊ शकतो. बीपी आणि शुगर असलेल्या व्यक्तीला हे परवडणारं नाही.

नोंदवही

सगळे भावाला विसरले. केतकीताई, तुम्ही आईपाशी राहता म्हणून घर तुमच्या एकटीच्या पगारावर चालावं असं नाही.

लांब राहणाऱ्या भावंडाला महिन्याचा हिशेब सांगू नका. तो कंटाळतो आणि तुम्हीही. त्याला वर्षाची दोन बिलं द्या: विमा २६,००० आणि मालमत्ता कर ८,४००. दोन्ही ऑनलाइन भरता येतात, दोन्हीला ठरलेली तारीख असते, पावती लगेच येते. मालमत्ता कर मे अखेरपर्यंत भरला तर सर्वसाधारण करात सूटही मिळते. एकूण ३४,४००, महिन्याला २,९०० च्या आत.

त्याने ते घेतले तर वर्षाच्या खात्यात ६५,००० ऐवजी ३०,६०० च लागतील. मग वाटा कुणाचा कमी करायचा? आधी आईचा. तिचे २,१०० पूर्ण बंद करा, तुमचे ३,३०० वरून २,६०० वर आणा, वर्षाला ३१,२०० होतात, पुरतात. तिच्याकडे महिन्याला ८,६०० उरू लागतील.

दुसरं, मोठे खर्च या सगळ्यापासून वेगळे ठेवा. ओट्याखालच्या ट्रॉल्या, बाथरूमची गळती, सोसायटीने काढलेली रंगकामाची किंवा लिफ्टची वर्गणी. लाख-दीड लाखाचा खर्च तुम्ही केलात म्हणून फ्लॅटमध्ये तुमचा वाटा तयार होत नाही. मालकी कागदावरून ठरते, पैसे कुणी दिले यावरून नाही. सोसायटीत तुमचं नाव नॉमिनी म्हणून असलं तरी नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने सांभाळतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने मुलगा आणि मुलगी समान. हे चांगलंच आहे, पण "स्वयंपाकघर मी केलं होतं" हा वाद तिथूनच सुरू होतो आणि चांगली भावंडं दुरावतात.

म्हणून असा खर्च करण्याआधी तिघांच्या व्हॉट्सॲप गटावर एक ओळ लिहा: रक्कम किती, कोण देतंय, आणि ही आईला भेट आहे की उसने. उसने असतील तर २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने द्यायची नाही, आयकर कायद्यात मनाई आहे, बँकेतूनच द्या. आईला काही वेगळं वाटत असेल तर तिने मृत्युपत्र करावं. त्याला दोन साक्षीदार लागतात, ज्यांना काही मिळणार आहे त्यांनी साक्षीदार होऊ नये, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. हा विषय तुम्ही काढू नका, भावाने काढावा. तुम्ही त्याच घरात राहता, तुमच्या तोंडून तो वेगळा ऐकू येतो.

महिन्याच्या तुमच्या वाट्याची मात्र अशी नोंद कधीच ठेवू नका. ते तुमचं जेवणखाण आणि राहणं आहे, त्याचा पुढे हिशेब मागायचा नसतो.

केतकी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. ठेव आणि आरडीचं गणित वाचून मी आज आईची पासबुकं मागून घेतली, जमाखर्च यांनी लिहिलंय ते खरं आहे. भावाशी बोलले, तो विमा आणि कर दोन्ही घ्यायला तयार आहे.

दोन गोष्टी राहिल्या. आईशी बोलायला सुरुवात कशी करू? आणि एसी: सध्या आम्ही महिन्याला साधारण १५० युनिट वापरतो. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, रात्री सात तास.

सदाफुली

"माझा वाटा" या शब्दाने सुरुवात करू नका, त्यावर ती नाहीच म्हणणार. ५६,६०० हा आकडा तिच्यासमोर ठेवा आणि सांगा, "आई, यापुढे तुझी ठेव मोडायची नाही, एवढंच ठरवायचंय." ठेव वाचवायची हे कारण त्या पिढीला लगेच पटतं. मग वर्षाच्या खात्याचा फॉर्म दोघींनी मिळून भरा. पहिल्याच दिवशी सगळं बदलू नका. आधी किराणा आणि दूध, पुढच्या महिन्यात खातं.

आणि बदल कधी करायचा तेही आत्ताच ठरवा. पगारवाढ झाली की त्या महिन्यापासून, आणि तुम्ही घर सोडणार असाल तर निदान तीन महिने आधी सांगायचं. त्या तीन महिन्यांत वीज, दूध, किराणा एकेक करून आईकडे परत द्या, म्हणजे तिला पेन्शनमध्ये बसवायला वेळ मिळतो. वर्षाच्या खात्यात तेव्हा जे असेल ते तिथेच राहू द्यायचं.

जमाखर्च

एसीचं गणित. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी २५-२६ अंशांवर रात्री सात तास चालला तर साधारण पाच ते सात युनिट खातो. सहा धरा. महिन्याला १८०. तुमचे १५० चे ३३० होतील.

इथे बहुतेक जण बिलाची टक्केवारी काढतात: ३३० पैकी १८० माझे, म्हणजे ५५ टक्के बिल माझं. हे चूक आहे. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत, आणि पहिल्या शंभरानंतर युनिटचा दर एकदम चढतो. तुमचे पहिले १०० स्वस्त युनिट घराने आधीच वापरलेले आहेत. एसीचे सगळेच्या सगळे १८० महाग टप्प्यांत पडतात, १५० दुसऱ्यात आणि शेवटचे ३० तिसऱ्यात. वर त्या वाढीव रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे एसीचा खर्च टक्केवारीने काढला तर कमी दिसतो. खरा खर्च म्हणजे एसीचं बिल वजा बिनएसीच्या महिन्याचं बिल. तुमच्या वापराला तो फरक दोन-अडीच हजारांच्या आसपास येईल.

वीज तुमच्याकडेच घेतलीत तर वेगळी वाटणी करायची गरजच पडत नाही, उन्हाळ्याचे तीन महिने तुमच्या महिन्याच्या वाट्यावर तेवढे जास्त धरा. एसी घेण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. बिलावर मंजूर भार किती किलोवॅट आहे, आणि त्या खोलीत एसीसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) आहे का. जुन्या इमारतींत बऱ्याचदा नसतो, मग बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची नवी तार ओढावी लागते. तो खर्च एसीच्या किमतीत धरा, घरखर्चात नाही. आणि जमलं तर एसी तुमच्या खोलीऐवजी आई झोपते त्या खोलीत बसवा आणि मे महिन्यात दोघी तिथेच झोपा. युनिट तेवढेच जळतील.